विकायची की राखायची?

सुरतेहून हजिऱ्याकडे जाणारा रस्ता इच्छापोरवरून जातो. पलीकडे खत, पोलाद आणि वायू यांचे मोठमोठे कारखाने, अलीकडे वाढत वाढत येथवर आलेले शहर, आणि मध्ये हे गाव. मराठी कानाला त्याच्या नावाची प्रथम गंमत वाटते. इच्छेला पोर झालेच तर ते कसे असेल, असा एक भलता विचार मनात येऊन जातो. नोकरीच्या निमित्ताने मी या परिसरात आयुष्याची बरीच वर्षे काढली. निवृत्त होऊन कोकणातल्या घरी परतण्याच्या बेतात असताना तेथल्या रस्त्याकडेच्या एका दुकानात मला एक प्रश्न विचारण्यात आला, आणि त्याचे उत्तर शोधण्यात माझे पंधरा दिवस गेले. तो प्रश्न वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

गोष्ट तशी क्षुल्लक होती. माझ्या बारा वर्षे वापरलेल्या मोटारीच्या छताचे आतले अस्तर सुटले होते. प्रथम मागच्या काचेपाशी तळहाताएवढा फुगवटा दिसू लागला. मी तेथे चार टाचण्या टोचल्या. वर्षभरात फुगवटा पुढे सरकला; मी आणखी टाचण्या टोचल्या. पुढच्या उन्हाळ्यात ते सारे कापड मधोमध झोळीसारखे खाली आले. मागे बसणाऱ्याच्या डोक्याला ते लागे, आणि चालवणाऱ्याला आरशातून मागची काच अर्धीच दिसे. हजिऱ्याच्या रस्त्यावर मागून येणारा मालट्रक न दिसणे ही काही हसण्यावारी नेण्याची बाब नव्हे. तेव्हा मी गाडी घेऊन तेथल्या कुशनवाल्याकडे गेलो.

कारागीर वृद्ध होता. त्याने मोटारीत बसून कापड दोन बोटांनी चाचपले, कडेला थोडे उचकटले, आणि तळहातावर पडलेली तांबूस भुकटी मला दाखवली. मग अगदी सहज, एखाद्या वैद्याने वय विचारावे तसे, त्याने विचारले, "साहेब, गाडी वेचवानी छे के राखवानी?"

विकायची असेल तर इंजेक्शनच्या सुईने आत चिकटद्रव्य सोडून कापड वर दाबून देतो, दीडशे रुपये पडतील, महिना-दोन महिने काही दिसणार नाही. राखायची असेल तर सगळे काढून नवे करावे लागेल, साडेतीन हजार आणि दोन दिवस. त्याच्या बोलण्यात कपटाचा लेशही नव्हता. दोन प्रकारची गिऱ्हाइके असतात आणि दोन प्रकारची कामे असतात, इतकेच त्याला आजवरच्या अनुभवाने ठाऊक होते. गाडी मला विकायचीच होती. तरी 'विकायची' हा शब्द माझ्या तोंडून निघेना. विचार करून सांगतो, असे म्हणून मी परतलो.

या दोन दुरुस्त्यांत नेमका भेद काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. हल्लीच्या मोटारीच्या छताला आतून तीन थर असतात. वरचा थर म्हणजे दाबलेल्या तंतूंचा, पुठ्ठ्यासारखा ओतीव तक्ता. खालचा थर म्हणजे आपल्याला दिसणारे कापड. आणि या दोहोंच्या मध्ये पॉलियुरेथेनच्या फोमचा एक पातळ थर असतो. कापड तक्त्याला धरून असते ते या मधल्या थराच्या आधाराने. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीच्या आतील तपमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी सहज वाढते. त्यात समुद्र जवळ, म्हणजे हवेत बाष्प भरपूर. उष्णता आणि बाष्प ही दोन्ही मिळून फोमच्या रेणूंची बांधणी वर्षानुवर्षे थोडी थोडी तोडत राहतात, आणि एक दिवस त्याची भुकटी होते. कापड धडधाकट असते, तक्ता धडधाकट असतो. मरतो तो केवळ त्यांना जोडणारा, कोणालाही न दिसणारा मधला थर.

हे ध्यानात आले की दीडशे रुपयांची दुरुस्ती का टिकत नाही तेही उमजते. नवे चिकटद्रव्य कापडाला धरते आणि भुकटीला धरते. पण भुकटीने कोणाला धरावे? खरी दुरुस्ती करायची तर दिवे, मुठी आणि कडेच्या पट्ट्या काढून अख्खा तक्ता दारातून बाहेर घ्यावा लागतो. त्यावरील फोमचा कण अन् कण ब्रशाने खरवडून काढावा लागतो. मग तक्त्याला आणि नव्या कापडाला, दोहोंनाही, उष्णता सोसणारे सोल्यूशन लावून ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे लागते, आणि नंतर मध्यापासून कडांकडे कापड हळूहळू दाबीत न्यावे लागते. सुरत हे कापडाचे शहर आहे. तेथे कापडाला तोटा नाही. साडेतीन हजारांतला मोठा वाटा त्या खरवडण्याच्या मजुरीचा होता.

येथे मोटार बनवणाऱ्यांचाही विचार करणे न्यायाचे होईल. पूर्वीच्या मोटारींत, आपल्या अँबॅसडरमध्ये आणि कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीतही, अस्तर चिकटवलेले नसे. त्याच्या पाठीला नेफे शिवलेले असत, त्यांतून पोलादी तारेच्या कमानी ओवून ते छताखाली ताणून बसवीत. ते फाटले तर शिवता येई, सैल झाले तर ताणता येई. त्यासाठी शिवणकाम जाणणारा एखादा माणूस पुरे. अँबॅसडरचे उत्पादन 2014 मध्ये थांबले, आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. त्यांच्याबरोबर शिवता येणारे अस्तरही सामान्य व्यवहारातून गेले. ओतीव तक्ता आणण्यात कारखानदाराचा काही दुष्ट हेतू होता असे मी म्हणत नाही. तो झटपट बसतो, आवाज शोषतो, छत सुबक दिसते. तथापि ज्या रचनेत एक थर मेला की तिन्हींना बाहेर काढावे लागते, तिने अर्ध्या दुरुस्तीचा मोह आपोआप वाढवून ठेवला, हेही तितकेच खरे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि तिच्या विचारकक्षेत मोटारीही घेतल्या, ही गोष्ट या दृष्टीने लहान नव्हे. वस्तू दुरुस्त करता यावी हा हक्क आहे, असे आता आपण म्हणू लागलो आहो. परंतु हक्क मिळाला तरी कोणती दुरुस्ती करावी, हा प्रश्न ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो.

मी प्रथम कायद्याचे पुस्तक उघडले. माणूस सदसद्विवेकाला विचारण्यापूर्वी बहुधा वकिलाला विचारतो. मी त्याला अपवाद नाही. 1930 चा मालविक्रीचा कायदा सामान्यतः असे मानतो की, घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवून घ्यावे. 1872 चा कराराचा कायदाही सांगतो की, निव्वळ मौन म्हणजे एरवी फसवणूक ठरत नाही. मला जरा बरे वाटले. पण त्याच कलमात एक वाक्य असे आहे की, ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणे ही मात्र फसवणूकच. मौन आणि झाकणे यांतली ही रेषा दीडशे वर्षांपूर्वीच्या रुक्ष कायद्याने इतकी स्वच्छ काढून ठेवली असेल, अशी माझी कल्पना नव्हती.

ही रेषा माझ्या मोटारीतून ओढून पाहिली तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. लोंबणारे अस्तर आपण होऊन बोलते. मी तोंड मिटून बसलो तरी ते आपली स्थिती प्रत्येकाला सांगते. त्याला माझ्या साक्षीची गरज नाही. समूळ केलेली दुरुस्ती दोषच नाहीसा करते, म्हणून तिला सांगण्यासारखे काही उरत नाही, निदान मला प्रथम तसे वाटले. असत्य शिरते ते या दोहोंच्या मध्ये, त्या दीडशे रुपयांच्या सुईतून. दोष होता तसाच राहतो आणि त्याची जीभ तेवढी कापली जाते. म्हणजे काहीच न करणारा आळशी आणि सर्व काही करणारा उद्योगी हे दोघेही प्रामाणिक राहू शकतात. थोडेसे करणारा मात्र राहत नाही. आपण मात्र नेहमी उलट समजतो. अगदी काहीच न करण्यापेक्षा थोडे तरी केले, असे म्हणून आपण स्वतःची पाठ थोपटून घेतो.

पण मग त्याच मोटारीत दोन वर्षे मी टाचण्या टोचीत होतो, तेही असत्यच काय? नाही. त्या टाचण्या मला ठाऊक होत्या आणि मागे बसणाऱ्यालाही दिसत होत्या. घरात गळक्या कौलाखाली आपण भांडे ठेवतो तेव्हा कोणालाही फसवीत नाही. हंगामी इलाज हंगामी म्हणून दिसत असला की तो निर्दोष असतो. तोच इलाज कायमच्या इलाजाचा वेष घेऊन परक्याच्या हाती गेला की त्याची जात बदलते. महाभारतात धर्मराजाचा रथ भूमीपासून चार अंगुळे वर चालत असे, आणि द्रोणाचार्यांना अश्वत्थाम्याविषयी ते अर्धे सत्य सांगताच तो भूमीला टेकला, असे सांगितले आहे. धर्मराज धडधडीत खोटे बोलला असता तर द्रोणाचार्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला असता की नाही, ठाऊक नाही; अर्धे सत्य मात्र त्यांनी पूर्ण मानले. अर्ध्या दुरुस्तीचेही सामर्थ्य हेच असते, आणि पापही हेच.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, हे सगळे ठीक. पण जुनी मोटार घेणारा काही भोळा नसतो. विकणारा काहीतरी झाकीत असणारच, हे धरूनच तो किंमत करतो. मग तुम्ही खरे सांगितलेत तर तुमचे दुहेरी नुकसान. आधीच किंमत पडलेली, त्यात तुमच्या सत्याने ती आणखी पडणार. हा आक्षेप हलका नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन नेमके हे दाखवले. दोष कोणाला ठाऊक आहे आणि कोणाला नाही, यात अंतर पडले की घेणारा सर्वांनाच वाईट धरून भाव करतो. मग चांगली गाडी बाळगणारा बाजारातून निघून जातो आणि मागे वाईटच उरतात. या विचाराला पुढे 2001 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पण या सिद्धान्ताचा अर्थ 'म्हणून तुम्हीही झाका' असा होत नाही. माझ्या आधीच्या असंख्य विकणाऱ्यांनी दीडशे-दीडशे रुपयांत जो विश्वास खरवडून नेला, त्याची तूट आज माझ्या किमतीतून वळती होते आहे, असा त्याचा अर्थ होतो. मी झाकले तर उद्याच्या विकणाऱ्याच्या नावावर मीही तेवढीच तूट लिहून जाईन.

आणि नुकसान म्हणताना तरी ते कोणाचे, हेही पाहावे. फोम मेला तो माझ्या ताब्यात असताना, माझ्या आळसाने उघड्यावर ठेवलेल्या गाडीत, माझ्या बारा उन्हाळ्यांत. त्या बारा वर्षांची सावली मी उपभोगली होती. तिचा खर्च घेणाऱ्याने सोसावा अशी इच्छा धरणे, म्हणजे आपण जेवून बिल शेजारच्या पाटावर सरकवणे होय.

इतक्यावर मी थांबलो असतो तर एक सोपे समीकरण हाती आले असते. समूळ दुरुस्ती करावी आणि निश्चिंत मनाने गाडी विकावी. पण सुरतेसारख्या ठिकाणी ते समीकरणही पुरते टिकत नाही. 2006 च्या ऑगस्टात उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. रस्त्यांवर उभ्या असलेल्या मोटारी बुडाल्या. बुडालेली मोटार धुता येते, गाद्या बदलता येतात. तथापि पाणी छतापर्यंत चढले असेल तर अस्तराच्या कडेला त्याचा डाग राहतो. म्हणून पुराच्या गावात जुनी मोटार घेणारा जाणता माणूस आधी वर पाहतो. अशा गाडीला कोणी साडेतीन हजारांचे उत्तम, निर्दोष, नवे अस्तर लावले तर? काम समूळ झालेले असते, टिकाऊ असते, आणि तरीही एका साक्षीदाराचे तोंड कायमचे बंद झालेले असते. म्हणजे खरेपणा दुरुस्तीच्या पूर्णतेतही नाही. दुरुस्ती किती खोल गेली आणि तिची हकीगत किती खरी सांगितली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कारागीर करून देतो. दुसरी करून देणारे दुकान नाही.

त्या पंधरा दिवसांत तो गुजराती प्रश्न माझ्या कानांत पुनःपुन्हा घोळत होता, आणि त्यातली क्रियापदे मला छळीत होती. गुजरातीत 'वेचवुं' म्हणजे विकणे. मराठीत 'वेचणे' म्हणजे एकेक करून उचलणे, किंवा खर्ची घालणे. आपण आयुष्य वेचतो म्हणतो ते याच अर्थाने. कोंकणीत 'वेंचप' म्हणजे निवडणे. आणि 'राखवुं' म्हणजे नुसते जवळ ठेवणे असले, तरी आपल्या दोन्ही भाषांत 'राखणे' याचा अर्थ सांभाळणे, जपणे असा आहे. शेत राखतात, गुरे राखतात, शब्द राखतात. गोव्यातल्या गावोगावी सीमेवर जो राखणदार मानतात, तो गावाचा मालक नसतो. गाव त्याचे नाही म्हणून तो राखणे टाळीत नाही; राखणे हेच त्याचे गावाशी असलेले नाते. कारागिराचा प्रश्न मालकीविषयीचा होता. माझ्या कानांनी तो असा ऐकला की, बाबा रे, तू ही वस्तू आजवर वेचलीस की राखलीस?

याचे उत्तर मला सोयीचे नव्हते. कोकणात आमच्या घराची शाकारणी दरवर्षी मृगाच्या आधी होते. कौले उतरवायची, फुटकी वेगळी काढायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या, वाळवी लागलेला वासा ठोकून पाहायचा आणि पुन्हा सारे रचायचे. लहानपणी मला हा वार्षिक खटाटोप निरर्थक वाटे. पाणी गळेल तेव्हा पाहता येईल, असे मी एकदा आजोबांना म्हणालो होतो. ते म्हणाले, गळू लागल्यावर करतात ती शाकारणी नव्हे. आजोबांनी ज्यांच्यासाठी ती कौले परतली, त्यांतले बहुतेक जण त्यांच्या डोळ्यांदेखत मुंबई-पुण्याला निघून गेले होते. घर त्यांच्या हाती कायमचे राहणार नव्हते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून एखाद्या वर्षी त्यांनी अर्धेच छप्पर परतले, असे झाल्याचे मला स्मरत नाही.

'विकायची की राखायची' या प्रश्नात दोन पर्याय आहेत असे आपण मानतो. वस्तुतः प्रत्येक वस्तू आज ना उद्या दुसऱ्याच्या हाती जायचीच असते. विक्रीने जाईल, वारशाने जाईल, नाहीतर भंगारात जाईल. आपल्या वाट्याला येते ती मधली राखण. ती नीट केली असेल तर वस्तू देताना काही झाकावे लागत नाही, आणि नीट केली नसेल तर झाकूनही ती नीट होत नाही. परक्यासाठी साडेतीन हजार खर्च करावेत असे बंधन माझ्यावर आहे असे मला वाटत नाही. ते औदार्य होय, आणि औदार्याची सक्ती नसते. दीडशे खर्च करू नयेत, एवढे मात्र बंधन आहे.

शेवटी मी काहीच केले नाही. टाचण्या तेवढ्या काढून टाकल्या. गाडी पाहायला आलेला तरुण नंदुरबारकडचा, हजिऱ्याच्या एका कारखान्यात फिटर होता. त्याला मी कापड, भुकटी, कारागिराने सांगितलेला खर्च, सर्व काही सांगितले. तो हसला. "काका, सांगायची काय गरज? ते तर डोक्यावर आपटतंय," असे म्हणून त्याने ठरल्या किमतीतून चार हजार कमी केले. खर्चापेक्षा पाचशे अधिक गेले. मी घासाघीस केली नाही.

निघण्याच्या दोन दिवस आधी त्या दुकानावरून गेलो तेव्हा माझी, म्हणजे आता त्याची, गाडी तेथे उभी होती. तक्ता दोन स्टुलांवर पालथा पडला होता, आणि तो वृद्ध कारागीर नाकातोंडाला फडके बांधून भुकटी खरवडीत होता. फिटर बाजूला उभा होता. "तुलाही विचारले का रे?" मी म्हणालो. त्याने मान डोलावली. "राखवानी म्हणालो. निदान हप्ते फिटेपर्यंत तरी."

मी कोकणात पोहोचलो तेव्हा वैशाख सरत आला होता. मुले परदेशी आहेत. माझ्यामागे त्या घरात कोण राहील, मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी गडी शिडी घेऊन आला आणि मला काहीही न विचारता कौले उतरवू लागला.